नागावच्या काउंटरवर

यंदाच्या अंकाचा विषय 'परदेश' असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा मी गेटवेहून मांडव्याची लाँच धरली. परदेशात राहून पोट भरणारी माणसं पाहायला अलिबागपलीकडे जायची गरज नाही. अलिबाग, किहीम, मांडव्याच्या बंगल्यांचे राखणदार, रेवस आणि साखरच्या बोटींवरचे खलाशी, काशीद-मुरुडच्या रिसॉर्टांचे स्वयंपाकी यांच्यात नेपाळहून आलेली माणसं किती आहेत, हे इथल्या कुणालाही विचारावं. त्यांच्या हातचं आपण जेवतो, त्यांच्या भरवशावर कुलूप लावून मुंबईला परततो आणि त्यांना परदेशी मात्र समजत नाही. त्यांच्या बाजूने पाहिलं, तर घर दोन हजार किलोमीटरच्या आसपास दूर आहे, मधे आंतरराष्ट्रीय सीमा आहे, आणि सणाला जाता येईलच असं नाही.

मला त्यांच्यातला एक मुलगा पाहायचा होता. नागावात एका वाडीत बंक बेडचं होस्टेल आणि मागे चार कौटुंबिक खोल्या आहेत. तिथे तो काउंटरवर 'ट्रेनी' म्हणून काम करतो. वय एकवीस, गाव अछाम जिल्ह्यात, नेपाळच्या अगदी पश्चिमेच्या डोंगरांत. नाव छापू नये असं तो म्हणाला, म्हणून छापत नाही. पाहुणे त्याला सर्रास 'बहादूर' म्हणतात. ते त्याचं नाव नाही. नाव न विचारता ठेवलेलं हे नाव आता आपल्या जिभेवरून उतरायला हवं.

शनिवारी सकाळी

रायगडच्या किनाऱ्यावर आठवडा शनिवारी उगवतो. दहाला जुने पाहुणे खोली सोडायला तयार नसतात आणि नवे पाहुणे वडखळच्या कोंडीतून फोन करत असतात. खोली बाराशिवाय मिळणार नाही, हे बुकिंगच्या वेळी सांगितलेलं असतं, पण पहाटे पाचला दादरहून निघालेल्या कुटुंबातल्या लहान मुलाला ते सांगता येत नाही. मग काउंटरवरचा मुलगा काय करतो? सामान आत घेतो, ओट्यावर पंखा लावून देतो, मुलाला बाथरूम दाखवतो आणि न्याहारीला पोहे सांगू का, असं विचारतो. त्या वेळात मागची चादर बदलून होते.

माझ्या समोर त्याने चार माणसांचं बुकिंग असताना सात माणसं उतरवून घेतली. तो चिडला नाही. "दोन एक्स्ट्रा गाद्या होतील, तिसरी होणार नाही. एकाला डॉर्ममध्ये बंक देतो," असं त्याने आधी सांगितलं आणि पैसे मग. हा क्रम त्याला मालकीणबाईंनी शिकवला. आधी पैसे सांगितले की भांडण होतं, आधी सोय सांगितली की घासाघीस होते. घासाघीस निभावता येते.

यानंतरचा प्रश्न जेवणाचा. घरगुती जेवण इथे पाहुण्याच्या तोंडाकडे पाहून शिजवत नाहीत. किती ताटं, व्हेज किती, मासे कोणते हे सकाळी अकराच्या आत कळायला लागतं, कारण त्यावर बाजार ठरतो. दुपारी दोनला येऊन "पापलेट आहे का?" असं विचारणाऱ्याला "आज सुरमई आहे, पापलेट रात्रीला सांगून ठेवतो" असं म्हणायला शिकावं लागतं. थंडीत पोपटीची फर्माईश येते. वालाच्या शेंगा, अंडी आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात घालून भाजायची ही रीत या मुलाने इथेच पाहिली. आता पाहुण्यांना ती तोच समजावतो.

ओळखपत्रं पाहणं हे सगळ्यात नाजूक काम. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना चालतो, पॅन कार्ड चालत नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. हे ऐकून रागावणारे पाहुणे दर आठवड्याला असतात. वही पोलिस कधीही पाहायला मागू शकतात, आणि काही घडलं तर पहिला प्रश्न काउंटरवरच्या माणसालाच विचारला जातो. परदेशी पाहुणा आला तर 'सी' फॉर्म ऑनलाइन भरायचा, तोही चोवीस तासांच्या आत: पासपोर्ट क्रमांक, व्हिसा, भारतात कधी आणि कुठून आला, इथून कुठे जाणार.

मागच्या हिवाळ्यात असे परदेशी आले होते. इस्रायली पासपोर्ट, सोबत सून आणि नातवंडं, आणि आजीचं आडनाव 'कर'ने संपणारं. मुलाने इंग्रजीत विचारायला सुरुवात केली तशी आजी म्हणाल्या, "अरे बाळा, मराठीत विचार ना." बेने इस्रायली लोक शतकानुशतकं याच किनाऱ्यावर राहिले. नवगावजवळ त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटल्याची कथा आहे आणि तिथे स्मारकही आहे. गावोगावी त्यांचे तेलाचे घाणे चालत. शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. आजींना अलिबागचं सिनेगॉग पाहायचं होतं आणि खंडाळ्याजवळची, प्रेषित एलियाहूच्या रथाच्या खुणा मानतात ती जागा. रस्ता अछामच्या मुलाने मराठीत सांगितला. आजी इस्रायलच्या नागरिक, तो नेपाळचा, आणि दोघांमधली भाषा अलिबागची.

बिनसमुद्राच्या देशातून

समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो अठराव्या वर्षी, मामाबरोबर. मामा मासेमारी बोटीवर खलाशी आहे. रायगड आणि रत्नागिरीच्या यांत्रिक बोटींवर नेपाळी खलाशी अनेक वर्षं काम करतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ते गावी जातात आणि बंदी उठायच्या सुमाराला परततात. ते वेळेवर आले नाहीत तर बोटी धक्क्याला राहतात.

वाट अशी: अछामहून बसने महेंद्रनगर, तिथून गड्डाचौकी. सीमा ओलांडली की भारतातलं बनबसा. तिथून दिल्लीची बस, दिल्लीहून मुंबईची गाडी, मुंबईहून लाँच किंवा पनवेलची एसटी. पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही. 31 जुलै 1950 च्या भारत–नेपाळ मैत्री कराराच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहायची, मालमत्ता घ्यायची, व्यापार करायची, फिरायची मुभा दिली आहे. त्याच्या खिशात नेपाळचं नागरिकता प्रमाणपत्र असतं, लॅमिनेट केलेलं, कडा झिजलेलं.

मामाने त्याला बोटीवर नेलं होतं. पहिल्याच फेरीत इतक्या उलट्या झाल्या, की तांडेलानेच नागावातल्या ओळखीच्या घरी त्याला कामाला लावलं. आधी खोल्या झाडणं, चादरी, बाथरूम. बारावी झालेला होता, इंग्रजी वाचता येत होतं, आणि देवनागरी लिपी तर त्याचीच. नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळे एसटीच्या पाट्या, मेनू, वीजबिल तो पहिल्या आठवड्यापासून वाचत होता. अर्थ नंतर आला. एकदा मालकीणबाई आजारी असताना त्याने दिवसभर फोन सांभाळला, आणि त्यानंतर काउंटर त्याच्याकडेच राहिलं.

मालकीणबाईंना तो काकी म्हणतो. त्या त्याला नावाने हाक मारतात, रागावल्या तरी.

भरतीचं गणित

"किल्ल्यावर चालत कधी जाता येईल?" अलिबागच्या पंचक्रोशीतल्या कुठल्याही काउंटरवर हा प्रश्न ठरलेला. कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात आहे. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये त्याचं बांधकाम सुरू केलं. ओहोटीला वाळूवरून पायी जाता येतं, पाणी घोट्याएवढं असेल तर घोडागाडीतून, आणि भरती लागली की रस्ता बंद. उत्तर चुकलं तर पाहुणे किल्ल्यात अडकतात, आणि पाणी चढत असताना धडपडत परत यायला बघतात. धोका तिथे असतो.

कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊला आणि रात्री नऊला पूर्ण भरती, दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण ओहोटी. म्हणजे किल्ल्यावर दुपारी दीडनंतर जावं आणि साडेचारच्या आत परतावं. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. अष्टमीच्या आसपास आणखी एक गोष्ट असते. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही. वेळ बरोबर असूनही वाट पूर्ण उघडी मिळेल याची खात्री नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. तेव्हा ओहोटीला पाणी लांब जातं, पण भरतीही तशीच अंगावर येते.

हे सगळं त्या मुलाला शेजारच्या एका म्हाताऱ्या कोळीदादांनी शिकवलं. त्यांना वाटलं होतं वेळ लागेल. आपल्याकडच्या तरुण पाहुण्यांना आज कोणती तिथी हे सांगता येत नाही. याला सांगता आलं. नेपाळात तिथी रोजच्या वापरात आहे. त्याच्या फोनवर 'हाम्रो पात्रो' नावाचं नेपाळी दिनदर्शिकेचं अ‍ॅप आहे, घरच्यांचे वाढदिवस आणि श्राद्धं पाहायला ठेवलेलं. नेपाळी महिने सौर, आपले चांद्र, पण तिथी तीच. डोंगरात श्राद्धासाठी जे पाहिलं जातं, त्यावर तो आता नागावात भरती सांगतो. काउंटरमागच्या पांढऱ्या फळ्यावर रोज सकाळी त्याच्या अक्षरात दोन वेळा लिहिलेल्या असतात, एक भरतीची, एक ओहोटीची. भरती-ओहोटीचा सरकारी तक्ता पाहून तो त्या पडताळून घेतो.

हा फळा माझ्या मते त्या होस्टेलमधली सगळ्यात मोलाची वस्तू आहे. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याच्या महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी बुडाले. त्यानंतर जीवरक्षक, फलक, शिट्ट्या यांची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण पाहुणा समुद्राकडे जाण्याआधी एका माणसासमोर उभा असतो, किल्ली घेताना. त्या क्षणी कोणी पाण्याबद्दल दोन वाक्यं बोललं, तर त्याचा उपयोग किनाऱ्यावरच्या पाटीपेक्षा जास्त होतो. हा मुलगा बोलतो. "अंधार पडल्यावर पाण्यात नको. दारू घेतली असेल तर नकोच. गाडी वाळूवर उतरवू नका, भरतीत अडकते." काही जण हसतात. तो तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा सांगतो.

वाडी आणि खोल्या

नागाव, चौल, रेवदंडा हा नारळ-सुपारीच्या वाड्यांचा पट्टा आहे. पुढे श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध. 3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. अलिबागपासून श्रीवर्धन-दिवेआगरपर्यंत पिढ्यांनी लावलेली झाडं काही तासांत आडवी झाली. सुपारीला पीक धरायला पाच-सात वर्षं लागतात, नारळाला जातीप्रमाणे तेवढी किंवा जास्त. त्या मधल्या वर्षांत काय खायचं?

काकींच्या वाडीतल्या निम्म्याहून अधिक सुपाऱ्या गेल्या. मोकळ्या झालेल्या जागेत त्यांनी पत्र्याची लांब खोली बांधून बंक टाकले. त्याआधी त्यांच्याकडे फक्त दोन खोल्या होत्या, 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय' ही पाटी लावलेल्या. तेव्हा काउंटर नव्हतं. ओटीवर बसलेली घरची बाईच वही घेऊन नाव लिहायची, स्वयंपाकही तीच बघायची आणि वाडीला पाणीही तीच सोडायची. काकींनी हे अनेक वर्षं केलं. आता त्या मुलाला शिकवतात ते हेच, फक्त त्याला नाव 'फ्रंट डेस्क' पडलं आहे.

त्याच वर्षी मार्चमध्ये, वादळाच्या आधी, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसकट येणारी रो-रो सुरू झाली होती. टाळेबंदी उठल्यावर मुंबईकर गाडी घेऊन तासाभरात मांडव्याला उतरू लागले. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, रो-रो शक्य तेव्हा चालते. त्यामुळे पूर्वी जूनमध्ये संपणारा हंगाम आता शनिवार-रविवारपुरता वर्षभर रेंगाळतो. घरच्या बाईला एकटीने हे पेलत नाही. गावची पोरं? ती पनवेल, नवी मुंबई, दुबईला. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुडकडच्या कित्येक घरांतला कर्ता मुलगा आखातात आहे, त्यातले काही तिथल्या हॉटेलांत असेच काउंटरमागे उभे. त्यांनी सोडलेली जागा अछामच्या मुलाने घेतली आहे.

डब्लिनहून फोन

काकींची भाची चौलची. डब्लिनला शिकायला गेली आणि फी-भाड्याचा मेळ बसवायला एका होस्टेलमध्ये रिसेप्शन ट्रेनी म्हणून लागली. काकींच्या फोनवरून मी तिच्याशी बोललो. बोलणं पाऊण तास चाललं, कारण तिलाही सांगायचं होतं.

होस्टेल ही कल्पनाच मुळी युरोपातली. रिशार्ड शिरमान नावाच्या जर्मन शिक्षकाने 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पायी भटकणाऱ्या मुलांसाठी कायमचं वसतिगृह उघडलं. तिथून ती जगभर गेली. आपल्याकडे युथ होस्टेल्स असोसिएशनने ती रुजवली. आताची झोस्टेलसारखी बॅकपॅकर होस्टेलं 2013 नंतरची.

भाचीचं काम नागावच्या मुलासारखंच आहे. पासपोर्ट तपासायचा, लॉकर आणि चादरी द्यायच्या, कोणत्या बंकवर कोण हे लक्षात ठेवायचं, रात्री दोनला भांडणाऱ्या पाहुण्यांना समजवायचं. एक शिक्षण तिथे वेगळं झालं: आगीची घंटा वाजली की यादी हातात घेऊन सगळ्यांना बाहेर काढून मोजायचं. हे तिच्याकडून पहिल्याच आठवड्यात करवून घेतलं.

मग तिने तासांबद्दल सांगितलं. आयर्लंडमध्ये विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास आणि ठरावीक सुट्ट्यांत 40 तास काम करता येतं. जास्त केलं तर व्हिसा धोक्यात. किमान वेतन 2025 मध्ये ताशी साडेतेरा युरो होतं. दर पगाराला पेस्लिप. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट: शिकाऊ आहे म्हणून किमान वेतनापेक्षा कमी पगार देण्याची जी मुभा होती, ती तिथे 2019 मध्ये काढून टाकली. ट्रेनी असणं ही तिथे पहिल्या काही आठवड्यांची अवस्था आहे. तो कमी पगाराचा हुद्दा नाही.

सगळं सुखाचं नाही. खोली चौघींत वाटून घेतली आहे, रात्रपाळीनंतर सकाळचं लेक्चर असतं, आणि "इंग्लिश छान बोलतेस" हे कौतुक तिला टोचतं. "पण मला माझे तास माहीत आहेत, मामी," असं ती काकींना म्हणाली. काकी काही बोलल्या नाहीत, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या त्याच विषयावर होत्या.

तास कोण मोजतं

अछामच्या मुलाचे तास कोणी मोजत नाही. तो काउंटरमागच्याच खोलीत झोपतो. रात्री एकला गेट उघडायला तोच उठतो, सकाळी सहाला चहा मागणाऱ्यालाही तोच भेटतो. जेवण-राहणं मालकाचं, पगार महिन्याला हातात, आणि दोन वर्षं झाली तरी हुद्दा ट्रेनी. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची सुट्टी आहे, जादा कामाला दुप्पट वेतन आहे. पण त्यातल्या बऱ्याच तरतुदी चार-पाच माणसांच्या घरगुती व्यवसायापर्यंत पोचत नाहीत. फ्रंट ऑफिस असिस्टंट हा आयटीआयचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, म्हणजे सरकारच्या लेखी हे शिकण्याचं, प्रमाणपत्राचं काम आहे. किनाऱ्यावरचे बहुसंख्य लोक मात्र ते काकींसारख्यांकडूनच शिकतात आणि हातात कागद काही येत नाही.

1950 च्या कराराने त्याला इथे काम करायचा हक्क दिला. त्या कामाचा पुरावा कोणी द्यायचा, हे त्यात नाही. भाचीला परवान्याच्या चौकटीत जगावं लागतं, पण त्या चौकटीमुळेच तिचे तास मोजले जातात. याला कुठलाही परवाना लागत नाही, म्हणून याची कुठे नोंदही नाही. मोकळ्या सीमेबद्दल आपण अभिमानाने बोलतो, आणि ती मोकळीच राहायला हवी. तरी ज्यांच्या जिवावर किनाऱ्याचं पर्यटन चाललं आहे त्यांचं नाव, तास आणि पगार एका कागदावर लिहिले जावेत, ही मागणी मोठी नाही.

पैसे घरी पाठवणंही सरळ नाही. रिझर्व्ह बँकेने 2008 मध्ये नेपाळला पैसे पाठवायची खास सोय सुरू केली, 2021 मध्ये तिची मर्यादा दोन लाखांपर्यंत वाढवली. त्याचं इथे बँक खातं नाही, त्यामुळे तो मामाच्या हाती देतो. नेपाळने 2018 मध्ये शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली, तेव्हा मामा शंभराच्या नोटांची पुडकी कमरेला बांधून गेला होता.

काकींची बाजूही ऐकायला हवी. "पावसाळ्यात सोमवार ते शुक्रवार एक माणूस येत नाही. वाडी अजून उभी नाही राहिली. एजंट कमिशन कापतो, वर तारे कमी पडले की बुकिंग जातं. मी त्याला जास्त कुठून देऊ?" हे खोटं नाही. पण आठवड्याची एक सुट्टी द्यायला पैसे लागत नाहीत, एवढं त्यांनी त्या संध्याकाळी स्वतःच कबूल केलं. मंगळवार ठरला. मंगळवारी त्या स्वतः काउंटरवर बसतात.

दिवाळीचं बुकिंग

आषाढात भातलावणीला तो गावी जाऊन येतो. तेव्हा इथे गर्दी कमी असते आणि काकी सोडतात. दसरा-दिवाळीला नाही. नेपाळात दसऱ्याला घरातली वडीलधारी माणसं कपाळावर टिळा लावून आशीर्वाद देतात, आणि दिवाळीचे पाच दिवस तिथे तिहार असतो: कावळा, कुत्रा, गाय यांची पूजा, आणि आपल्या भाऊबीजेच्याच दिवशी बहिणीकडून भाइटीका. नेमक्या त्याच आठवड्यात नागावात एक बंकही रिकामा नसतो. मागच्या भाऊबीजेला बहिणीने व्हिडिओ कॉलवर टीका लावला. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे, तिने मुहूर्त तिकडच्या वेळेने सांगितला, आणि तेवढ्यात इथे चेक-आउटची रांग लागली. काकींनी ती सांभाळली आणि दुपारी स्वतः त्याला ओवाळलं.

यंदा तो तिहारला जायचं ठरवतो आहे, तेही परत न येण्यासाठी. पोखऱ्यात मोठ्या हॉटेलांत रिसेप्शनवर जागा असतात, तिथे अनुभवाचं पत्र मागतात. आठवडाभर तो ते कसं विचारावं याच विवंचनेत होता. मी पुन्हा गेलो त्या मंगळवारी त्याने विचारलं. काकींना धक्का बसला, मग त्या म्हणाल्या, "दिवाळीचा गर्दीचा शनिवार-रविवार काढून दे, मग जा. भाऊबीजेला पोचशील असं बघ." दिल्लीच्या गाडीची तारीख दोघांनी मिळून शोधली.

पत्र लिहायला मला बसवलं. कामं त्याने सांगितली, मी लिहीत गेलो: आरक्षण, ओळखपत्रांची तपासणी, परदेशी पाहुण्यांचे फॉर्म, जेवणाची मागणी, हिशेब, समुद्राच्या सूचना. हुद्द्याच्या जागी मी थांबलो. तो म्हणाला, "ट्रेनी लिहा, काकी रागावतील." काकींनी कागद ओढून घेतला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: व्यवस्थापक, स्वागत कक्ष. खाली सही केली, होस्टेलचा शिक्का मारला, आणि त्याच्या जागी कोण येणार ते विचारलं. त्याचा चुलतभाऊ बारावीला आहे, बनबसाची वाट त्याला माहीत आहे. त्याला पहिल्या महिन्यापासून पगार ठरवून, मंगळवार सुट्टी लिहूनच घ्यायचं असं काकी म्हणाल्या, आणि तारीख फळ्यावर, भरतीच्या वेळेखाली, टिपून ठेवली.